म्हातारी बाई आपल्या यादीत आहे का?



१ ऑक्टोबर जवळ आला की तालुक्याच्या गावी एखाद्या सभागृहात ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम ठरतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १४ डिसेंबर १९९० रोजी ठराव करून हा दिवस मुक्रर केला, आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. २०२१ ते २०३० हे तर निरोगी वार्धक्याचं दशक म्हणून जाहीर झालेलं आहे. त्यामुळे शाल, श्रीफळ आणि भाषणं आलीच. व्यासपीठावर निवृत्त शिक्षक असतात, निवृत्त अधिकारी असतात, जुने पुढारी असतात. त्यांचा सत्कार जरूर व्हावा. पण सभागृहावर एकवार नजर फिरवली तर लक्षात येतं की म्हातारी बाई तिथे जवळजवळ नाहीच. असली तर सत्कारमूर्तींची पत्नी म्हणून शेजारच्या खुर्चीवर. अक्राणीच्या डोंगरात नातवंडांना घेऊन एकटी राहणारी आजी, शहाद्याच्या ऊसपट्ट्यात आयुष्यभर मजुरी केलेली बाई, नवापूरच्या बाजारात भाजीचा वाटा मांडून बसलेली विधवा, यांना आपण 'ज्येष्ठ नागरिक' म्हणत नाही. त्यांना आपण नुसतं 'म्हातारी' म्हणतो.

सभागृहातल्यांना दोष देऊन हा विषय संपत नाही. आपण स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या. आपल्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये, शिबिरांच्या विषयांमध्ये, मोर्चाच्या मागण्यांमध्ये साठीपुढची बाई किती वेळा आली, हा प्रश्न या अंकाच्या निमित्ताने आपणच आपल्याला विचारायला हवा.

आपल्या चळवळीत म्हातारी बाई आली ती बहुतेक वेळा सासू म्हणून. हुंडाबळीच्या विरोधात आपण रस्त्यावर उतरलो, १९८३ साली ४९८ अ हे कलम आलं, आणि छळ झालेल्या सुनेच्या बाजूने आपण उभ्या राहिलो. ते बरोबरच होतं आणि आजही ते काम संपलेलं नाही. पण पथनाट्यातली सासू सोडली, तर त्या वयाची दुसरी बाई आपल्याला सहसा दिसलीच नाही. घरात सत्ता नसलेली, नवरा गेल्यावर कोपऱ्यात सरकलेली, मुलाच्या हातचा मार खाणारी, रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरणारी बाई आपल्याकडे 'केस' होऊन येत नाही. ती येत नाही, कारण तिलाही वाटतं की हे केंद्र तरुण बायकांसाठी आहे. आणि मुलाविरुद्ध बोलायचं तर तिचे ओठ शिवलेले असतात. नवऱ्याने मारलं हे सांगायला बाईला जेवढं धैर्य लागतं, त्याच्या कितीतरी पट धैर्य पोटच्या पोराने हात उगारला हे सांगायला लागतं.

आपल्या जिल्ह्याला तर या बाबतीत एक वेगळं देणं आहे. १९७२ साली शहादा परिसरात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासी मजुरांनी जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला. दुष्काळाचे दिवस होते. त्या काळात शेतमजूर आदिवासी बायका गावोगाव फिरल्या, त्यांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. पुण्या-मुंबईत स्वायत्त स्त्री-संघटनांची सुरुवात होण्याआधीची ही गोष्ट आहे. स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव त्यामुळे मानाने घेतलं जातं. तेव्हा ज्या विशीत होत्या त्या आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्या लढ्यावर आपण प्रशिक्षणात बोलतो. पण त्यांच्यातल्या कितीजणी हयात आहेत, कुणाकडे राहतात, त्यांना पेन्शन मिळते का, डोळ्यांना दिसतं का, याची नोंद किती गटांकडे आहे? इतिहास सांगायला आपल्याला त्या हव्या असतात. मग त्यांचं आजचं जगणंही आपल्या कामाचा भाग असलं पाहिजे.

थोडं आपल्या भागातल्या म्हातारपणाकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातले दर शंभरात जवळजवळ सत्तर लोक आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी, गावित अशा अनेक समाजांची ही वस्ती आहे. कागदावर म्हातारपण साठीला सुरू होतं. इथल्या बाईच्या शरीरावर ते पन्नाशीच्या आधीच उतरतं. लहान वयात लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, डोक्यावर पाणी आणि लाकूड, अपुरं जेवण, वर्षानुवर्षांचा रक्तक्षय आणि ऊसतोडीच्या मोळ्या यांचा हिशोब हाडं करतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. तिशीत पिशवी काढलेल्या बाईची कंबर आणि हाडं पुढे लवकर बोलू लागतात, हे त्या चर्चेत फारसं आलं नाही. निरोगी म्हातारपण हवं असेल तर त्याचा पाया बाईच्या विशी-तिशीतच घालावा लागतो. किशोरीच्या रक्तातल्या लोहापासून मजुरीच्या दरापर्यंत आपण ज्या मागण्या करतो, त्या सगळ्या एका अर्थाने म्हातारपणाच्याच मागण्या आहेत.

आणि ही 'म्हातारी' बसून खाते का? दिवाळीनंतर गुजरातकडे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला निम्मं गाव रिकामं होतं. होळीपर्यंत, काही घरांत पावसाळ्यापर्यंत, मागे राहतात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि गुरं. शेळ्या कोण चारतं? नातवाला आश्रमशाळेत कोण पोचवतं? तान्ह्या नातीला ताप आला तर रात्री कोण जागतं? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं कोण वेचतं, कैऱ्या सोलून, फोडी उन्हात घालून आमचूर कोण करतं, पुढच्या पेरणीचं बी राखेत घालून कोण ठेवतं? तरुण पिढीने हंगामात कमावून आणलेल्या पैशात या आजीच्या श्रमाचा वाटा आहे. ती घर सांभाळते म्हणून सून उसाच्या फडात जाऊ शकते. पण घरकामाला मोल नाही, हे आपण जे बायकांच्या श्रमाबद्दल म्हणत आलो, ते म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत दुपटीने खरं आहे. तिचं काम कामात धरलं जात नाही आणि तिचं खाणं मात्र मोजलं जातं.

म्हाताऱ्यांची किंमत हा नुसता संस्कारांचा प्रश्न नाही, हेही इथे नीट दिसतं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. जंगलात म्हाताऱ्या बाईला शब्द होता, कारण कोणता पाला कुठल्या दुखण्यावर चालतो, दुष्काळात कोणता कंद खाता येतो, कुठलं बी कधी पेरायचं, हे तिला माहीत होतं. बाळंतपणाला तिचा हात लागायचा. पुनर्वसन वसाहतीत जंगल नाही, तेव्हा त्या ज्ञानाला गिऱ्हाईकही नाही. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानलं, सज्ञान मुलीला मानलं नाही. म्हणजे जी एकटी होती ती मुलीच्या नावावरच्या जमिनीचा आधारही घेऊ शकली नाही. माणसाला मान राहतो तो त्याच्या हाती काही साधन असतं तेव्हा. जमीन, जंगल, बी आणि पैसा हातातून गेल्यावर नुसत्या नमस्काराने मान टिकत नाही.

हे सगळ्यात भीषण रूपात दिसतं ते डाकिणीच्या आरोपात. गावात लागोपाठ मुलं दगावली, गुरं मेली, कुणाचा आजार हटेना, की बोट कुणाकडे जातं? बहुतेकदा वयस्कर, विधवा, एकट्या बाईकडे. मग तिला वाळीत टाकायचं, मारहाण करायची, गावातून हाकलायचं. सातपुड्यात असे प्रकार घडत आले आहेत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते, आदिवासी संघटना त्याविरुद्ध वर्षानुवर्षं काम करत आहेत. अशा प्रकरणात दोन गोष्टी आपण शोधल्या पाहिजेत. एक, तिच्या नावावर किंवा ताब्यात जमीन आहे का, आणि ती गेल्यावर ती कुणाला मिळणार? प्रत्येक वेळी मुळाशी जमीनच असते असं नाही, पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही. दुसरी, त्या गावात डॉक्टर शेवटचा कधी आला होता? दवाखाना पोचत नाही तिथे मरणाचं कारण कुणीतरी सांगावंच लागतं, आणि मग भगत सांगतो ते कारण ठरतं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांनी राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. करणी-चेटूक केल्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, धिंड काढणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद त्यात आहे. आपल्या पोलीस ठाण्यात तो कोण आहे हे प्रत्येक गटाला माहीत असायला हवं. मात्र हा आदिवासींचाच दोष आहे असं समजून शहरातल्या मैत्रिणींनी सुटकेचा श्वास सोडू नये. मंगल कार्यात विधवा आजीला मागच्या खोलीत बसवणारी घरं शहरात काही कमी नाहीत. आणि सातपुड्याने तर याहा मोगीला आई म्हणून पुजलं आहे. आईला देव मानणाऱ्या समाजात म्हाताऱ्या आईला डाकीण म्हणता येणार नाही, हे सांगायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. ते गावातल्या बायकाच गावसभेत सांगू शकतात, काही ठिकाणी सांगतातही.

आता सरकारी यादीकडे वळू. देशातलं पहिलं आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, एका कष्टकरी बाईच्या हाती दिलं गेलं. ओळख मिळाली की हक्क मिळतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. आज आमच्या बैठकांमध्ये म्हाताऱ्या बायका बोटं पुढे करून दाखवतात. आयुष्यभर माती, राख आणि दगड हाताळून त्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत आणि रेशनच्या यंत्रावर अंगठा लागत नाही. ज्यांच्या हातांनी सर्वांत जास्त काम केलं, त्यांचेच हात यंत्राला ओळखता येत नाहीत. डोळ्यांची ओळख किंवा मोबाईलवरचा आकडा हे पर्याय आहेत. पण मोबाईल मुलाकडे असतो आणि मुलगा सुरतेकडे. त्यात आधारवरचं वय अंदाजे लिहिलेलं. नातीचं लग्न झालेल्या बाईचं वय कार्डावर बावन्न!

पेन्शनचे आकडे पाहा. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाला. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धांसाठी केंद्राचा वाटा आजही महिना २०० रुपये आहे. त्यात वाढ होऊन पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना राज्याची भर धरून २०२३ पासून महिना १५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. ही अट वर्षानुवर्षं तशीच राहिली. २१ हजार म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. एवढ्यात घर चालवणारं कुटुंब शोधून दाखवावं! त्यामुळे खोटा दाखला घ्या, किंवा खऱ्या दाखल्यापायी अर्ज गमवा, असे दोनच रस्ते उरतात.

आणि याची तुलना २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेशी करा. तिथेही रक्कम १५०० च, पण वय २१ ते ६५ आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे चौसष्ट वर्षांची बाई अडीच लाखांच्या आतल्या घरातली असली तर तिला मदत. पासष्ट पूर्ण झाली की तीच बाई, त्याच घरात, २१ हजारांचा दाखला आणायला तहसीलच्या पायऱ्या चढणार. जेव्हा तिच्या अंगातली ताकद संपते आणि गरज वाढते, नेमकं तेव्हाच अट बारा पटीने कडक होते. बहीण म्हातारी झाली की लाडकी राहत नाही का, हा प्रश्न आपण प्रत्येक आमदाराला विचारला पाहिजे. पेन्शन ही दया नव्हे. रोजगार हमीच्या कामावर, शेतात आणि घरात ज्या बाईने पन्नास वर्षं श्रम केले, तिची ती राहिलेली मजुरी आहे.

आरोग्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी वार्धक्याचा अर्थ फार साध्या शब्दांत लावला आहे. आजार नसणं म्हणजे निरोगी नव्हे, तर ज्या गोष्टी आपल्याला महत्त्वाच्या वाटतात त्या करता येणं म्हणजे निरोगी. आपल्या आजीला काय करायचं असतं? स्वतःच्या पायाने ओढ्यापर्यंत जायचं असतं, भाकरी चावून खायची असते, नातीचं बोलणं ऐकू यायला हवं असतं, होळीला काठीला जायचं असतं. म्हणजे गुडघे, दात, कान आणि डोळे. यातलं काहीच जीवघेणं नाही म्हणून यातल्या कशाचीच तातडी नाही. मोतीबिंदू झालेली बाई 'वयाचंच आहे' म्हणत चाचपडत चालते. आणि एक दुखणं तर ती कुणालाच सांगत नाही. अंग बाहेर येणं, खोकताना लघवी होणं. पंचवीस-तीस वर्षं फडकं बांधून काम करणाऱ्या बायका आमच्या शिबिरांत भेटल्या आहेत. त्या मंदिरात जात नाहीत, एसटीत बसत नाहीत, लग्नाला जात नाहीत. लोक म्हणतात, म्हातारी घरकोंबडी झाली. तिच्यासाठी साध्या तपासणीची आणि उपचाराची सोय असती, तर ती आज गावभर हिंडली असती.

सरकारी आरोग्यसेवेची नजर बाईच्या पोटावर असते. ती गरोदर आहे तोवर तिचं वजन होतं, रक्त तपासलं जातं, घरी आशा येते. मूल होण्याचं वय संपलं की तिचं नाव वहीतून जातं. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची आयुष्मान योजनाही आली. चांगलंच आहे. पण झोळीत घालून डोंगर उतरवावा लागणारा रुग्ण पाच लाखांचं कार्ड घेऊन कुठे जाणार? पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण ज्या पाड्याला एसटीच येत नाही त्या पाड्याला सवलतीचं काय? आपली मागणी साधी आहे. महिन्यातून एक ठरलेला दिवस, उपकेंद्रावर, म्हाताऱ्यांसाठी. त्या दिवशी रक्तदाब, साखर, डोळे, कान, दात आणि बायकांची आतली तपासणी व्हावी, महिनाभराच्या गोळ्या मिळाव्यात, आणि तिथवर पोचवायला गाडी असावी.

कायदा काय म्हणतो, तेही गटांनी पाठ करून ठेवावं. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्याने मुलांवर, मुलींवर आणि सज्ञान नातवंडांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे. अर्ज प्रांताकडे करायचा. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. आई असेल तर तिचं वय साठ पूर्ण असण्याची अट नाही. तिला स्वतः येणं जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. म्हणजे आपण करू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला घर-जमीन दिली आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण ती अट कागदावर लिहिलेली असेल तर काम सोपं जातं. म्हणून कुठल्याही बाईने बक्षीसपत्रावर किंवा हक्कसोडपत्रावर अंगठा देण्याआधी आपल्याकडे यावं, एवढा निरोप तरी घराघरात गेला पाहिजे. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त बायकोसाठी नाही. घरातल्या आईलाही त्याचा आधार घेता येतो, त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

आदिवासी बाईची वाट आणखी अवघड आहे, कारण १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही आणि रूढीच्या नावाखाली मुलीला, विधवेला बाजूला सारलं जातं. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात निकाल दिला. मुलीला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल, तर ती आहे असं गृहीत धरून बाईला आणि तिच्या वारसांना वगळता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. रूढी काय आहे हे कोण सांगणार, यावर आता पुष्कळ अवलंबून आहे. ते सांगायला फक्त पुरुष पंच बसले तर उत्तर आधीच ठरलेलं असेल.

याच संदर्भात वनहक्क कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. २००६ च्या कायद्यात विवाहितांच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव घालायला सांगितलं आहे. आणि २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब हा पुरावा म्हणून मान्य केला आहे. म्हणजे हे शेत कोण, कधीपासून कसतं, जुना पाडा कुठे होता, देव कुठे होता, हे म्हाताऱ्या माणसाने सांगितलं तर तो पुरावा आहे. ज्या पिढीला लिहिता येत नाही तिची आठवण कायद्याने ग्राह्य मानली. पण आपल्या भागातल्या दाव्यांच्या फायली उघडून पाहा. जबाब बहुतेक म्हाताऱ्यांचेच दिसतील. म्हातारीला बोलावलं होतं का? ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासूनचं सगळं शेत तिच्याही पायाखालून गेलेलं आहे. यापुढे प्रत्येक दाव्यात निदान एका बाईचा जबाब असावा, हा आग्रह आपण धरू शकतो. वृद्धांचा सन्मान म्हणतात तो हाच. त्यांचं सांगणं लिहून घेणं आणि ते धरून निर्णय करणं.

आता सर्वांत अवघड मुद्दा. म्हाताऱ्यांना मान द्या, त्यांना घरातच ठेवा, असं जेव्हा व्यासपीठावरून सांगितलं जातं, तेव्हा ते काम कुणाच्या अंगावर पडतं? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं गू-मूत कोण काढतं? रात्री उठून पाणी कोण देतं? सून. किंवा नोकरी सोडून आलेली, लग्न न झालेली मुलगी. श्रावणबाळाच्या नावाने योजना निघते, पण श्रावणाची कावड प्रत्यक्षात त्याची बायको वाहते. तिची मजुरी बुडते, तिचं दुखणं अंगावर निघतं आणि पंचवीस वर्षांनी तीच, तशीच थकलेली, म्हातारी होते. म्हणून 'आपल्या संस्कृतीत वृद्धाश्रम नाहीत' हे वाक्य ऐकलं की आपण सावध झालं पाहिजे. ते बोलणारा पुरुष घरी आईची पाठ शेकतो का, हे विचारलं पाहिजे. सुनेला राबवून सासूला मान, किंवा सासूला कोपऱ्यात ढकलून सुनेला मोकळीक, या दोन्हींत पुरुष आणि सरकार नामानिराळे राहतात. सासू-सुनेचं भांडण म्हणून जे घराघरात चालतं, त्यातलं पुष्कळसं भांडण एका बाईच्या अंगावर दोघींपेक्षा जास्त काम पडल्याचं असतं. आपण त्या दोघींना समोरासमोर उभं करण्याऐवजी शेजारी बसवून या कामाची वाटणी मागायची आहे. मुलांकडून वेळ आणि श्रम. सरकारकडून पाळणाघरासारखी म्हाताऱ्यांसाठी दिवसाची जागा, शिजवलेलं अन्न आणि घरी येणारी, पगार मिळणारी मदतनीस. तीही बाईच असेल तर तिला मानधनाच्या नावाखाली राबवू नये, हेही आताच सांगून ठेवू.

मग गटांनी काय करावं? फार पैसा न लागणारी काही कामं सुचवतो. येत्या तीन महिन्यांत आपापल्या गावातल्या साठीपुढच्या बायकांची यादी करा. ती कुणासोबत राहते, पेन्शन आहे का, रेशन मिळतं का, दिसतं का, ऐकू येतं का, जमीन कुणाच्या नावावर, एवढंच विचारा. घरच्यांसमोर विचारू नका, तिला एकटीला भेटून विचारा. ज्यांचं वय कागदावर चुकलं आहे त्यांना रुग्णालयाच्या वयाच्या दाखल्यासाठी एकत्र न्या. एकेकटीला परत पाठवलं जातं, पंधराजणींना नाही. प्रांताकडे निर्वाहाचे किती अर्ज आले आणि त्यातले बायकांचे किती, हे माहितीच्या अधिकारात मागा. पुढच्या ग्रामसभेत उत्पन्नाची अट वाढवण्याचा आणि उपकेंद्रावरच्या महिन्याच्या दिवसाचा ठराव मांडा. बचतगटात वयाची मर्यादा घालून म्हाताऱ्यांना बाहेर ठेवलं असेल तर ती काढा. आणि शिबिराला या बायकांना बोलवाल तेव्हा चटईऐवजी चार खुर्च्या ठेवा आणि जवळपास संडास आहे का ते आधी पाहा. बाकीचं त्या स्वतःच बोलतील.

शहाद्याच्या ज्या बायकांनी सत्तरच्या दशकात मडकी फोडली, त्यांना कुणी आधी हक्कांचं प्रशिक्षण दिलं नव्हतं. त्या एकमेकींच्या जोरावर उठल्या. साठीनंतर ती रग संपते असं समजायचं कारण नाही. पेन्शनसाठी तहसीलवर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांसमोर भले भले अधिकारी नरमतात, हे आपण पाहिलेलं आहे. प्रश्न त्यांच्या तयारीचा नाही, आपल्या निमंत्रणाचा आहे.

आपल्या गावची यादी तयार झाली की आम्हाला जरूर कळवा. अडचणी आल्या त्याही लिहा. गावांची आणि बायकांची नावं न छापता ही माहिती एकत्र करून आपण ती जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवणार आहोत. १ ऑक्टोबरचा कार्यक्रम यंदा आपणही करू. तो तहसील कार्यालयाच्या अंगणात होईल, आणि त्या दिवशी भाषणं म्हाताऱ्या बायकांचीच असतील.

— संपादक मंडळाच्या वतीने